घर कोणाचं आणि हाल कोणाचे?

गिरगावातल्या जुन्या चाळीतल्या शेजारशेजारच्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आणा. एकीत आजोबांच्या काळापासूनचे पागडीचे भाडेकरू, दुसरीत अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर आलेलं जोडपं. जिना एक, कायदाही एकच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. पण घर खाली करायची वेळ आली की दोघांच्या वाटा पार वेगळ्या होतात!

जोडप्याची मुदत संपली की ताबा सोडायचा. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि मुदतीनंतर अडून राहणाऱ्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते.

पागडीवाल्यांचं जग निराळं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं बहुतेक जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला जखडली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे गोठवणं मनमानी ठरवलं. 1999 च्या नव्या कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढ आली. भाडेकरूंचं संरक्षण मात्र टिकलं. भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस, मग 90 दिवस थांबणं, त्यानंतरच दावा. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, पुढेही नियमित भरत राहिलं, तर थकबाकीपायी घर जात नाही.

मला सगळ्यात थक्क करतं ते कलम 16. मालकाला स्वतः राहायला घर हवंय, गरज खरी आहे, हे सिद्ध झालं तरी न्यायाधीश आणखी एक प्रश्न विचारतात: घर खाली करण्याचा हुकूम दिल्यानं जास्त हाल कोणाचे होतील, आणि न दिल्यानं कोणाचे? दुसरी जागा मिळण्याजोगी आहे का, तेही पाहतात. काही वेळा जागेच्या एका भागापुरताच ताबा देतात. ताब्याच्या दाव्यात माणसाच्या हालांचं माप! आणि गरज सांगून मिळवलेल्या घरात मालक महिन्याभरात राहायला आला नाही, तर भाडेकरू ताबा परत मागू शकतो.

हे संरक्षण बिनशर्त नाही. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरली नाही, किंवा परस्पर पोटभाडेकरू ठेवला, तर ते गमावण्याची वेळ येते. पण कुलूप तोडणं, पाणी-वीज बंद करणं, हे मालकाचे मार्ग नव्हेत.

म्हणून भाड्यानं राहत असाल तर पावत्या जपा आणि करार नोंदवलाय का ते विचारा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही.