शब्दांच्या वाटा – लेखांक ९ : अपरोक्ष

सोसायटीच्या सभेत एखादा सभासद तावातावाने म्हणतो, ‘हा ठराव माझ्या अपरोक्ष मंजूर झाला.’ तो त्या दिवशी हजर नव्हता, हे सगळ्यांना कळते. शब्दाची फोड मात्र उलटेच सांगते. ‘अक्ष’ म्हणजे डोळा, इंद्रिय. अक्षापलीकडचे ते परोक्ष आणि परोक्ष नसलेले ते अपरोक्ष. या हिशेबाने ठराव आपल्या समक्ष झाल्याची कबुलीच त्या गृहस्थांनी देऊन टाकली! गेल्या आठवड्यात पाहिलेल्या ‘प्रत्यक्ष’च्या या भावंडाची अशी उलटापालट बहुधा ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष’ या जोडीने केली. प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर ऐकून सरावलेल्या कानाला ‘अ’ लागला की वस्तू नजरेआड गेली असे वाटते. ‘परोक्ष’ एकटा क्वचितच भेटतो, त्यामुळे हा ‘अ’ नेमके काय नाकारतो हे कुणी तपासत नाही.

समोरच्या गोष्टीला ‘प्रत्यक्ष’ आहेच, मग अपरोक्ष हवा कशाला, अशी शंका येईल. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याला येताना विश्रांतवाडीवरून जाते. पालखी आली असे घरबसल्या ऐकले, तर ते ज्ञान परोक्ष. आळंदी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिली, तर प्रत्यक्ष. पण ती पाहताना झालेला आनंद कोणत्या डोळ्याने पाहिला? आनंद आणि त्याची जाणीव यांच्यामध्ये इंद्रियही नाही आणि निरोप्याही नाही. वेदान्ताच्या परिभाषेत अपरोक्षात प्रत्यक्ष सामावते, पण अपरोक्ष तेवढ्यावर थांबत नाही. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त यासाठी दहा जणांचा दृष्टान्त आहे. नदी ओलांडल्यावर प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो, नऊच भरतात आणि दहावा बुडाला म्हणून रडारड सुरू होते. वाटसरू सांगतो, ‘दहावा आहे.’ तेवढ्याने धीर येतो, पण ते ज्ञान परोक्षच. ‘दहावा तूच’ हे उमगते त्या क्षणी शोधच संपतो. हे अपरोक्ष. ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ही याच बळावर बोलतो. शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते असेच असते, असा ज्ञानेश्वरांचा पवित्रा आहे. अनुभवाला दुसऱ्याची साक्ष लागत नाही.

यावर खरा आक्षेप भाषेच्या अभ्यासकांचा. शब्दाचा अर्थ वापर ठरवतो, व्युत्पत्ती नव्हे. लोक ‘गैरहजेरीत’ या अर्थाने अपरोक्ष म्हणतात, तर तोच त्याचा अर्थ. तत्त्व मान्य. ‘साहस’ हा शब्द संस्कृतात अविचारी, दंडनीय कृत्यालाही लागत असे. आज आपण ते कौतुकाने म्हणतो आणि कुणाचे काही अडत नाही, कारण जुना अर्थ व्यवहारातून गेला. अपरोक्षचा जुना अर्थ गेलेला नाही. कीर्तनात, प्रवचनात, संतवाङ्मयाच्या वर्गात ‘अपरोक्ष ज्ञान’ आजही थेट अनुभवाचेच नाव आहे. तिथे सभेतला अर्थ घेऊन बसणारा श्रोता ‘आपल्या पाठीमागचे ज्ञान’ असे समजेल आणि विवेचनाचा कणाच मोडेल. शिवाय गैरहजेरीसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. माघारी, पाठीमागे, गैरहजेरीत यांतला प्रत्येक शब्द नेमका आणि बिनचूक आहे. थेट, मध्यस्थाविना आलेल्या अनुभवाला मात्र अपरोक्षइतका नेमका दुसरा शब्द सापडणे कठीण. म्हणून पुढच्या सभेत तक्रार जरूर करावी, पण ठराव ‘माझ्या माघारी’ झाला असे म्हणून.