पाकिटावरचं चिकन, पाकिटातलं चिकन

दुकानात मांजराच्या खाण्याची दोन पाकिटं शेजारी ठेवलेली आहेत असं समजा. कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर छापलंय, ‘क्रूड प्रोटीन किमान 30 टक्के’. ग्रेव्हीच्या पाऊचवर तोच आकडा फक्त 8. प्रथिनं कशात जास्त? घन अन्नाच्या हिशेबाने पाऊचमध्ये, आणि हे कळायला चौथीचं गणित पुरतं.

लेबलवर आर्द्रतेचाही आकडा असतो. पिशवीत 10 टक्के पाणी असेल तर उरलेल्या 90 भागांत 30 भाग प्रथिनं, म्हणजे 33 टक्के. पाऊचमध्ये 82 टक्के पाणी असेल तर उरतात जेमतेम 18 भाग. त्यातले 8 प्रथिनं, म्हणजे 44 टक्के. पाणी वजा केल्याशिवाय कोरड्या आणि ओल्या खाण्याची तुलना करण्यात अर्थ नाही. (घन अन्नच थोडं असल्यामुळे मांजराचं पोट भरायला पाऊच जास्त लागतात आणि खिसाही लवकर रिकामा होतो, ते वेगळं.)

घटकांच्या यादीतही हेच पाणी चकवतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण ते वजन शिजवण्या-वाळवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असतं. कच्च्या मिश्रणात 30 किलो चिकन आणि 25 किलो मका असेल तर यादीत पहिला मान चिकनचा. वाळल्यावर मात्र चिकन नऊ-दहा किलो उरतं आणि मका वीस किलोंच्या वर. शिवाय मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन असे वेगवेगळे घटक दाखवले की एकेक खाली सरकतो आणि चिकनचं सिंहासन पक्कं होतं. याउलट ‘चिकन मील’ हे नाव ऐकायला गरीब वाटतं, पण ते आधीच वाळवलेलं असल्याने वजनाला प्रथिनं जास्त देतं. ‘बाय-प्रॉडक्ट’ शब्दालाही घाबरू नका. त्यात काळीज, मूत्रपिंडं असे अवयवही येतात. कलेजी आणि वजडी चवीने खाणाऱ्यांनी तरी त्याला नाक मुरडू नये.

पण 44 टक्के हा आकडा तरी कशाचा? प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात; ‘क्रूड’ प्रोटीन ते हेच. पिसांतही नायट्रोजन भरपूर असतो, पण ती जनावराला नीट पचत नाहीत. हा आकडा प्रथिन किती ते सांगतो, कसलं ते सांगत नाही. या फटीतून 2007 मध्ये मोठं संकट शिरलं. उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मरू लागली. मार्चमध्ये मेनू फूड्स या कॅनडातल्या कंपनीने सहा कोटींच्या आसपास डबे-पाऊच परत मागवले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन सापडलं. या रसायनाचं दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचं असल्यामुळे चाचणीत प्रथिनांचा आकडा फुगत होता. सोबत सायन्युरिक आम्ल आलं की दोन्ही मिळून मूत्रपिंडात स्फटिक तयार होतात. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीतही मेलामाइन निघालं.

म्हणून टक्केवारीपेक्षा एक वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं: हे खाणं कोणत्या वयाच्या, कोणत्या प्राण्यासाठी ‘संपूर्ण व संतुलित’ आहे. अमेरिकेत त्यासाठी आफ्को या संघटनेचे निकष वापरतात. कुत्र्याच्या वाढत्या पिल्लाला घन अन्नाच्या हिशेबाने किमान 22.5 टक्के प्रथिनं हवीत, प्रौढ कुत्र्याला 18, प्रौढ मांजराला 26. आफ्को स्वतः कुठलंही पाकीट तपासत नाही किंवा मंजूर करत नाही, हेही माहीत असू द्या. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं असेल तर ते जेवण नव्हे, खाऊ.

मांजर असेल तर टॉरिन आहे का तेही पाहा. ते पुरेसं मिळालं नाही तर मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, हे 1987 मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. टॉरिन मांस-मासळीत असतं, दूध-पोळीत जवळपास नसतंच. शाकाहारी घरातल्या मांजराचा प्रश्न म्हणूनच कुत्र्यापेक्षा अवघड आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलं आहे. बिस्किटाच्या पुड्यामागे आपल्याला जी यंत्रणा गृहीत धरता येते, ती इथे धरता येत नाही. पण ग्राहकांच्या तक्रारीसाठीचा पत्ता आणि फोन नंबर छापणं वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्या नंबरवर फोन करा. 100 ग्रॅममध्ये किती किलोकॅलरी आहेत, कॅल्शियम किती, हे खाणं प्राण्यांना प्रत्यक्ष खाऊ घालून तपासलं की फक्त कागदावर जुळवलं, एवढं विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसरं पाकीट घ्या.