तोंड उघडा, चिठ्ठी सांभाळा!

रात्रीचे दोन वाजलेत. सारं घर गाढ झोपलंय आणि तुमची दाढ ठणकायला लागलीय! "माय, मनी दाढ दुखी ऱ्हायनी!" ही हाक ऐकून आई उठते, डब्यातली लवंग काढून दाढेखाली धरायला देते. थोडं बरं वाटतं. सकाळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "दूधना दात शे, पडी जाई!" आणि विषय संपतो.

खरंच संपतो का हो? चला, आरशासमोर उभे राहा. दुधाचे दात एकूण २० असतात, वर १० आणि खाली १०. समोरच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मागे मोजत जा. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी दाढ दिसली? मग ती दुधाची नाहीच! ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, कुठलाही दात न पडता, गुपचूप मागे उगवते. म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती किडून गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही. तुमच्या आजीच्या वयापर्यंत तुम्हांला तीच पुरवायची आहे.

कीड लागते कशी? गोड खाल्लं की तोंडातले जंतू साखरेचं आम्ल बनवतात. ते आम्ल दाताचं वरचं कठीण आवरण हळूहळू झिजवतं. या आवरणाला संवेदना नसते, त्यामुळे सुरुवातीला काहीच दुखत नाही. ठणका लागतो तेव्हा कीड आत नसेपर्यंत पोहोचलेली असू शकते. लहानसा खड्डा असेल तर साफ करून सिमेंट भरलं की काम झालं. उशीर केला, तर दाताच्या मुळापर्यंतचे उपचार, नाहीतर दाढ काढणंच आलं!

"पण दातांच्या डॉक्टरला पैसे कुठून आणायचे?" असं तुम्ही म्हणाल. तर मित्रांनो, आजच्या लेखातली महत्त्वाची गोष्ट हीच. दोन दरवाजे तुमच्यासाठी उघडे आहेत.

पहिला दरवाजा तुमच्या शाळेतच आहे. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि त्याचा शुभारंभ आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका यांचं पथक गाडी घेऊन गावोगाव फिरतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा तपासणी करायची, असा नियम आहे. ज्या आजारांसाठी तपासतात, त्यांत किडलेले दातही आहेत. दोष आढळला तर पथक पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतं आणि पुढचे उपचार मोफत होतात. म्हणून पथक आलं की लाजून मागच्या बाकावर लपू नका. तोंड उघडा, दुखतं ते सांगा. आणि मिळालेल्या चिठ्ठीचं विमान करून उडवू नका! ती दप्तरात ठेवा, घरी दाखवा.

दुसरा दरवाजा सगळ्यांसाठी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत झाले. रेशनकार्ड पिवळं की केशरी, वडील शेतकरी की नोकरदार, अशी कुठलीच अट त्यात नाही. तुमची शाळा विनाअनुदानित असेल आणि पथक तुमच्याकडे येत नसेल, तरी काही बिघडत नाही. हा दरवाजा तुम्हांलाही उघडा आहे, तुमच्या आजोबांनाही.

आता नरडाण्याहून जायचं कुठे? गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा. अशा केंद्रांत दातांचे डॉक्टर सहसा नसतात. ते ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात भेटतात. नरडाणा, शिंदखेडा आणि दोंडाईचा ही तिन्ही स्टेशनं सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहेत. शिंदखेड्याला ग्रामीण रुग्णालय, दोंडाईच्याला उपजिल्हा रुग्णालय. आग्रा रोडने तापी ओलांडली की शिरपूरचं उपजिल्हा रुग्णालय, आणि उलट दिशेला धुळं.

धुळ्याबाबत एक फरक ध्यानात ठेवा. श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, तसंच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. २०२३ चा निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. तिथे सरकारी दराने फी लागू शकते, म्हणून आधी विचारून घ्यावं. शाळेच्या पथकाची चिठ्ठी असेल, तर ती तिथे जरूर दाखवा.

उपचार फुकट, पण जाणं-येणं फुकट नसतं, हेही खरं. कापूस वेचणीच्या दिवसांत आई तुमच्याबरोबर आली, तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती फेरी वाया जाऊ नये म्हणून निघण्याआधी गावातल्या आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून तीन गोष्टी विचारा. दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात? केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो? आपल्याला हवा तो उपचार तिथे होतो का? कारण दात काढणं आणि भरणं जिथे होतं, तिथे कवळी किंवा टोपी बसवून मिळेलच असं नाही. आरोग्य विभागाच्या १०४ या विनाशुल्क क्रमांकावरही चौकशी करता येते. बरोबर पथकाची चिठ्ठी, आधारकार्ड आणि आधीचे कागद असू द्या. आणि घरातलं मोठं माणूस हवंच, कारण उपचाराला त्यांची संमती लागते.

मोफत उपचार म्हणजे कुणी केलेले उपकार नव्हेत बरं का! आपण दुकानातून साबण घेतो, तेव्हाही त्यात थोडा कर भरतोच. त्याच पैशांतून ही रुग्णालयं चालतात. तेव्हा "आम्हांला जमेल का?" असं भीतभीत विचारू नका. "दातांचे डॉक्टर कुठे बसतात?" एवढंच सरळ विचारा.

आज रात्री ब्रश करून झाल्यावर आरशात ती सहावी दाढ शोधा. धाकट्या भावंडांचीही मोजा. काळा ठिपका किंवा खड्डा दिसला, तर दुखायची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता लवंग शोधण्यापेक्षा दिवसाउजेडी शिंदखेड्याची गाडी पकडलेली बरी, नाही का?