बंद दाराची चौकशी

पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये कपडे भरावेत, साबण घालावा, दार लोटावे आणि बटण दाबावे, म्हणजे दोन-चार सेकंदांनी दाराच्या उजव्या अंगास, पत्र्याच्या आतून, ‘टक्’ असा एक बारीक आवाज उमटतो. यंत्र सुरळीत चालते तोपर्यंत या आवाजाची दखल घरातले कोणीही घेत नाही. परंतु एखाद्या सकाळी तो उमटेनासा झाला, की पाणी येत नाही, ड्रम हलत नाही, पडद्यावर दाराचे चिन्ह किंवा दोन-तीन अगम्य अक्षरे लुकलुकू लागतात, आणि मग घरातील प्रत्येक जाणते माणूस आळीपाळीने पुढे येऊन तेच दार अधिकाधिक जोराने आपटून पाहते. दार लागलेले सर्वांना दिसत असते. यंत्र मात्र ते मान्य करावयास तयार नसते.

यंत्राचा हा हट्ट वरवर पाहता त्रासदायक असला, तरी त्यामागे रोकडा हिशेब आहे. पिळण्याच्या वेळी ड्रम मिनिटाला 1,200 फेरे घेऊ लागला, म्हणजे सुमारे 48 सेंटिमीटर व्यासाच्या त्या पोलादी पिंपाची कड ताशी 108 किलोमीटर वेगाने धावत असते, आणि तिला चिकटलेल्या ओल्या चादरीवर गुरुत्वाकर्षणाच्या पावणेचारशे पटींहून अधिक जोर पडत असतो. अशा अवस्थेत दार उघडून आत हात घालणे कोणा मुलास किंवा विसराळू म्हाताऱ्यास शक्यच होऊ नये, एवढ्यासाठी यंत्र बनविणाऱ्यांनी असा बंदोबस्त केलेला असतो, की कुलूप लागल्याचा पुरावा विजेच्या भाषेत हाती आल्यावाचून धुण्याचे काम सुरूच होऊ नये. तेव्हा ‘दार लॉक होत नाही’ या एका तक्रारीत वास्तविक निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात: दाराचा हुक आपल्या जागी पोचत नसेल, तो पोचूनही कुलूप आपले काम करीत नसेल, अथवा कुलुपाला मिळावयाचा हुकूम किंवा कुलुपाने द्यावयाची वार्ता वाटेतच अडत असेल. यांत दोषी कोण हे ठरविण्यात दुरुस्तीचे सारे कौशल्य आहे. सुटा भाग बदलणे हे त्यामानाने हमालीचे काम.

पुण्यात आमच्या भागात हे काम वर्षानुवर्षे करणारे एक कारागीर आहेत. त्यांच्याबरोबर काही घरांतून हिंडण्याची आणि नंतर दुकानातल्या टेबलापाशी बसून त्यांनी उकललेली कुलुपे पाहण्याची मुभा त्यांनी मला दिली, ती ‘काम चालू असताना मधे बोलायचं नाही’ या एकाच शर्तीवर. ड्राय बाल्कनीत पाऊल टाकल्यावर हत्यारांच्या पिशवीला हात लावण्यापूर्वी ते जो पहिला प्रश्न विचारतात, तो ऐकून यजमानीणबाई बहुधा चपापतात. ‘काकू, घरात उंदीर आहे का?’ या पृच्छेत उपमर्द नसतो. पुष्कळ यंत्रांचा तळ उघडा असतो, त्यातून उंदीर आत शिरतो, आणि दाराच्या कुलुपाकडे जाणाऱ्या तारा त्याच्या दातांच्या टप्प्यात असल्या तर ‘कुलूप गेले’ म्हणून आलेल्या तक्रारीचे मूळ कुलुपापासून हातभर दूर, कुरतडलेल्या तारेत सापडते. परदेशी बनावटीच्या यंत्रांच्या माहितीपुस्तकांत या प्राण्याचा उल्लेख मी तरी पाहिलेला नाही.

त्यानंतर बाह्य तपास सुरू होतो, आणि त्यात हत्यार म्हणून केवळ बोटे वापरली जातात. दाराभोवतीच्या राखाडी रबराच्या, म्हणजे गॅस्केटच्या, घडीत एखादा मोजा किंवा टॉवेलचा कोपरा अडकला आहे काय, हे ते प्रथम चाचपतात. कारण दोन-तीन मिलिमीटर जाडीचे कापडही दाराला तेवढ्याच अंतरावर रोखून धरते आणि हुक खाचेत पूर्ण बसत नाही. मग हुक. तो बोटाने खाली दाबला असता उसळून वर यावयास हवा. न आला, तर त्याची स्प्रिंग निखळली किंवा तुटली, असे समजावे. खाचेत साबणाचा कीट आणि कापसाचे तंतू यांचा थर जमलेला असला, तर ओल्या फडक्याने तो पुसल्यावर पुष्कळदा तेथेच निकाल लागतो, आणि कारागीर केवळ भेटीची फी घेऊन परत फिरतात.

परंतु त्यांचा खरा संशय बिजागरीवर असतो. अर्धवट उघडलेले दार दोन्ही हातांनी धरून ते हलकेच वर उचलतात. दार उचलले गेले आणि सोडल्यावर किंचित खाली बसले, की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. उघड्या दारावर ओल्या कपड्यांची बादली टेकवणे किंवा लहान मुलाने त्याला लोंबकळणे हे बहुतेक घरांतून चालतेच. त्यामुळे बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, दार एखाद-दोन मिलिमीटर झुकते, आणि हुक खाचेच्या मध्यभागी न शिरता तिच्या खालच्या कडेवर आदळू लागतो. असे दार आपटल्याने प्रत्येक वेळी तोच आघात कुलुपाच्या प्लास्टिकवर होतो, म्हणजे बिजागरीचा अपराध कुलुपाला भोवतो. ‘काकू, आपटू नका, दाबा,’ एवढेच ते सांगतात. कारण विस्ताराने सांगितले तरी दुसऱ्या दिवशी दार आपटले जाणारच, असा त्यांचा अनुभव आहे.

येथवर सर्व निर्दोष ठरले, म्हणजे कुलुपाची पाळी. ते उकलून पाहिले तेव्हा मला सानंद आश्चर्य वाटले, कारण तळहातात मावणाऱ्या त्या प्लास्टिकच्या पेटीत दोन शतकांचे पदार्थविज्ञान दाटीवाटीने बसविलेले होते. दार लोटले असता हुक एका सरकत्या पट्टीला बाजूस सारतो. पण ती पट्टी अडकवून ठेवणारी खुंटी हुकाच्या बळाने हलत नाही, ती हलते उष्णतेने. बेरियम टायटनेट या संयुगाच्या सिरॅमिकची, बटणाएवढी एक चकती तेथे असते. तिच्यातून वीज जाऊ लागली की ती क्षणार्धात तापते, आणि एका ठराविक तापमानापलीकडे तिचा रोध एकाएकी इतका वाढतो की वीजप्रवाह आपोआप क्षीण होतो. त्यामुळे धुण्याचा सारा वेळ वीज चालू राहूनही चकती जळत नाही, तापलेली मात्र राहते. त्या चकतीला भिडून दोन भिन्न धातू एकमेकांवर जडवलेली एक पट्टी असते. एक धातू अधिक प्रसरण पावतो आणि दुसरा कमी, म्हणून ओली फळी एका अंगाने उन्हात वाळल्यावर जशी वाकते तशी ती पट्टी वाकते, खुंटीला खाचेत ढकलते आणि त्याच हालचालीत विजेचे दोन स्पर्शबिंदू एकत्र आणते. आपल्या कानी पडणारा ‘टक्’ तो हाच.

ही द्विधातूची पट्टी प्रथम योजली ती दाराकरिता नव्हे. समुद्रावर जहाजाचे रेखांश काढण्यासाठी अचूक घड्याळ हवे, आणि घड्याळ तर थंडी-उन्हाने मागेपुढे होते. या अडचणीतून वाट काढताना जॉन हॅरिसन या इंग्रज सुतार-घड्याळजीने अठराव्या शतकाच्या मध्यास आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात पितळ आणि पोलाद यांची अशी पट्टी बसविली. ते घड्याळ ग्रीनिचच्या वेधशाळेत अद्याप जतन केलेले आहे. ज्या युक्तीसाठी त्या गृहस्थाने उमेदीची वर्षे वेचली, ती आज काही शे रुपयांच्या सुट्या भागात मिळते आणि बिघडली की कचऱ्यात जाते, याची मला थोडी खंत वाटते. कारागिरांना ती वाटत नाही.

उष्णतेवर चालणाऱ्या या रचनेमुळे दोन गोष्टी घडतात, ज्या पुष्कळांना दोष वाटतात. धुणे संपल्यावर दार लगेच उघडत नाही, कारण पट्टी निवून सरळ होण्यास एक-दोन मिनिटांची मुदत लागते; आणि उन्हाळ्यात संध्याकाळी विजेचा दाब उतरला असता कुलूप लागावयास विलंब होतो. 230 व्होल्टचा दाब 165 वर आला, तर गार चकतीत उत्पन्न होणारी उष्णता जवळजवळ निम्मीच राहते. पट्टी वाकेपर्यंत यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पाटीची, म्हणजे पीसीबीची, वाट पाहण्याची मुदत संपते आणि ती निष्कारण तक्रार नोंदवते. काही नव्या यंत्रांत चकतीऐवजी विद्युत्-चुंबकाने कुलूप तत्काळ लावण्याची सोय असते, तेथे हे दोन्ही प्रकार घडत नाहीत.

कुलूप बाहेर काढण्याचा विधी पाहण्यासारखा आहे. प्लग भिंतीतून ओढून काढलेला असतो. नुसते बटण बंद करण्यावर कारागीर भिस्त ठेवीत नाहीत. गॅस्केटच्या ओठावर बसविलेली तारेची कडी तिच्या स्प्रिंगपाशी चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचलावयाची, उजव्या बाजूचे रबर पत्र्याच्या कडेवरून सोलून आत लोटावयाचे, कुलुपाचे दोन स्क्रू सोडावयाचे, आणि मग पत्रा व रबर यांच्यामधल्या फटीतून मनगटापर्यंत हात घालून, दिसत नसताना, कुलूप खाली उतरवून त्याचा कनेक्टर मोकळा करावयाचा. मल्टीमीटरची दोन टोके ते प्रथम चकतीच्या पिनांवर ठेवतात. गार चकतीचा रोध काही शे ओहमपासून हजार-दीड हजार ओहमपर्यंत असावा लागतो. आकडा अनंताकडे गेला, तर चकती मेली. आकडा ठीक असूनही यंत्र चालत नसेल, तर स्पर्शबिंदू पाहावयाचे. काही रचनांत हीटरचाही प्रवाह त्यांच्यातूनच जातो. 2,000 वॉटच्या हीटरसाठी तो साडेआठ अँपिअरांच्या वर भरतो, आणि प्रत्येक वेळी उडणाऱ्या बारीकशा ठिणगीने बिंदू काळवंडत जातात. कुलूप सर्वस्वी निर्दोष निघाले, तर मात्र तारा आणि शेवटी पीसीबी. हा क्रम ते कधीही उलटू देत नाहीत, कारण कुलूप काही शे रुपयांचे आणि पीसीबी कित्येक हजारांची. आणि पीसीबी बदलूनही दार न लागलेल्या घरांच्या कहाण्या त्यांच्याकडे भरपूर आहेत.

या धंद्यात आणखी एक मार्ग आहे, त्याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. कुलुपाकडून जी वार्ता यावयाची, ती तारेचे दोन शेंडे एकमेकांस पिळून कायमचीच खरी करून टाकावयाची. म्हणजे दार उघडे असो वा मिटलेले, यंत्राला ते बंदच वाटते आणि धुणे चालू होते. नवा भाग मिळेपर्यंतची सोय म्हणून हे केले जाते आणि पुढे तसेच राहते. मी ज्या कारागिरांविषयी लिहितो आहे, त्यांच्याकडे एका बाईंनी हाच आग्रह धरला होता. घरात लग्न होते, आणि कपड्यांचा ढीग तुंबला होता. त्यांनी नकार दिला, परंतु व्याख्यान दिले नाही. ‘काकू, घरात लहान मूल आहे,’ एवढे म्हणून ते दुकानात जाऊन दुसऱ्या जुन्या यंत्राचे चालते कुलूप घेऊन आले आणि नवे मिळेपर्यंत तेच बसवून दिले. हा उपाय कोणत्याही कंपनीच्या नियमांत बसणार नाही, परंतु तो मला सर्वथा योग्य वाटला.

नवे कुलूप बसविणे पाच मिनिटांचे. गॅस्केट पुन्हा ओठावर चढविणे मात्र कमालीचे चिकाटीचे काम आहे. रबर पिळले जाता कामा नये, त्याची पाणी निचरणारी भोके बरोबर खालच्या बाजूस राहिली पाहिजेत, आणि तारेची कडी चढवताना एका हाताने घड्याळातल्या सात-आठच्या ठिकाणी दाबून धरल्याखेरीज ती दुसऱ्या बाजूने निसटल्यावाचून राहत नाही. कडी बसल्यावर कारागीर दार तीनदा मिटून उघडतात, रिकाम्या यंत्रात थोडे पाणी घेऊन खालच्या कडेला कोरडा कागद टेकवून गळती पाहतात, आणि मग पुन्हा बिजागरीकडे वळतात. ढिले स्क्रू आवळण्यापूर्वी दार गुडघ्याने वर तोलून धरतात, म्हणजे हुक खाचेच्या मधोमध येतो. हे राहून गेले, तर नवे कुलूपही जुन्याच्या वाटेने जाणार हे त्यांना ठाऊक असते.

अशाच एका घरच्या बिलावर डोअर लॉकची किंमत आणि मजुरी अशा दोनच रकमा होत्या. बिजागरीचे काय, असे तिथल्या काकूंनी विचारले, तेव्हा ‘ते त्यातच धरलंय’ असे म्हणून कारागिरांनी पिशवी उचलली आणि जाता जाता, उद्यापासून कपड्यांची बादली स्टुलावर ठेवा, असे बजावले.