आमदार नक्की कोणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण 'प्रतिनिधी' या शब्दाचे पदर उलगडून बघितले. आज तोच शब्द घेऊन आपण मुंबईच्या विधान भवनात जाऊ. राज्याचं विधिमंडळ कसं बनतं आणि कसं चालतं, हे शाळेत नागरिकशास्त्रात आपण सगळेच शिकलो. वीस मार्कांचा विषय, परीक्षा झाली की विसरायचा! त्यामुळे आज ते सगळं पहिल्यापासून पाठ म्हणून दाखवायचं नाही. एकच प्रश्न हातात धरू या. निवडून आलेला आमदार कोणाचा? मतदारांचा, पक्षाचा, की स्वतःच्या विवेकाचा?

वर्गात आम्ही हा प्रश्न घातला की मुलं एका सुरात म्हणत, "मतदारांचा." मग आम्ही विचारायचो, मतदारांना एक हवं आहे आणि पक्षानं दुसरं सांगितलं, तर हात कोणत्या बाजूला वर जाईल? वर्ग गप्प.

आधी रचना थोडक्यात पाहू. राज्याच्या विधानसभेत कमीत कमी ६० आणि जास्तीत जास्त ५०० सदस्य असावेत असं घटनेचं १७० वं कलम सांगतं. लहान राज्यांना यात सवलत मिळालेली आहे, गोव्यात ४० आमदार आहेत. महाराष्ट्रात १९७८ च्या निवडणुकीपासून २८८ हा आकडा कायम आहे. त्यात २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. मुदत पाच वर्षं. उमेदवाराचं वय किमान २५.

आता मतदान यंत्र डोळ्यांपुढे आणा. त्यावर माणसाचं नाव असतं आणि शेजारी पक्षाचं चिन्ह. आपण बटण दाबतो ते नावासाठी की चिन्हासाठी? बहुतेकांना याचं उत्तर स्वतःलाही नीट देता येणार नाही. गंमत अशी की १९५० च्या मूळ घटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. घटनाकारांच्या मांडणीत मतदारसंघ होता, सदस्य होता, सभागृह होतं. पक्ष व्यवहारात होते, कागदावर नव्हते. ते घटनेत आले १९८५ साली, आणि कसे आले ते पुढे बघू.

निकाल लागले की राज्यपाल कोणाला तरी मुख्यमंत्री नेमतात. हा 'कोणाला तरी' म्हणजे ज्याच्या पाठीशी सभागृहाचं बहुमत आहे तो. सगळे सदस्य हजर राहिले आणि मतदान केलं, तर महाराष्ट्रात १४५. हे बहुमत मोजायचं कुठे? एस. आर. बोम्मई खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की ते सभागृहात मोजायचं, राजभवनाच्या दिवाणखान्यात नाही. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकपणे जबाबदार असतं, असं १६४ वं कलम म्हणतं. म्हणजे कल्पना अशी आहे: आमदारांनी सरकारला जाब विचारायचा, आणि विश्वास उडाला तर घरी पाठवायचं. मंत्रीही त्यांच्यातलेच. मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, हे बंधन २००३ सालच्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं घातलं. महाराष्ट्राच्या हिशेबात ४३. उरलेले जवळजवळ अडीचशे लोक तिथे काय करतात, हा आपला खरा विषय.

त्याआधी वरच्या सभागृहाकडे एक नजर. विधान परिषद आज देशात फक्त सहा राज्यांत आहे, आणि महाराष्ट्र त्यातलं एक. ७८ सदस्यांपैकी ३० आमदार निवडतात, २२ नगरपालिका आणि जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक निवडतात, आणि १२ जणांना साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतून राज्यपाल नेमतात. नेमतात म्हणायचं, पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. या १२ जागा २०२० साली रिकाम्या झाल्या आणि चार वर्षं सगळ्याच्या सगळ्या रिकाम्या राहिल्या, यावरून त्या 'साहित्य आणि कला' या शब्दांना कितपत वजन आहे ते तुम्हीच ठरवा. परिषद सरकार पाडू शकत नाही. साधं विधेयक तिला सगळं मिळून फार तर चार महिने रोखता येतं, आणि अर्थविषयक विधेयक १४ दिवस. संसदेत असते तशी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक राज्यात नाही. विधानसभेचाच शब्द शेवटचा.

मग परिषद हवी कशाला, असं विचारणारे पुष्कळ आहेत. आमचं मत सांगतो. ज्या माणसाला पुढच्या निवडणुकीची धास्ती जरा कमी असते, त्याला लांबचा विचार करायला फुरसत मिळते. वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी योजना ही त्यांची कल्पना. मागेल त्याला काम, आणि ते देणं सरकारवर बंधनकारक. १९७७ साली या विधिमंडळानं त्याचा कायदा केला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला, आणि केंद्रानं तसा कायदा करायला २००५ साल उजाडलं. असे पागे दर सहा वर्षांनी सापडत नाहीत, हे खरंच. पण सापडले तर त्यांना बसायला जागा असावी.

आता मुद्द्यावर येऊ. १९६७ नंतर आमदार इतक्या वेगानं पक्ष बदलू लागले की हरियाणातल्या एका आमदाराच्या नावावरून 'आयाराम गयाराम' हा शब्दच रूढ झाला. सरकारं कोसळायची, आणि पाडणाऱ्यांना नव्या सरकारात मंत्रिपद मिळायचं. त्यावर औषध म्हणून १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती आली आणि घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. पक्ष घटनेत आला तो असा. या परिशिष्टानुसार आमदारानं आपणहून पक्ष सोडला तर त्याचं सदस्यत्व जातं. आणि पक्षानं आदेश काढला असताना सभागृहात त्याच्या विरुद्ध मत दिलं, किंवा नुसता तटस्थ राहिला, तरीही जातं. पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तरच वाचतो. हा आदेश म्हणजे आपण वर्तमानपत्रात वाचतो तो व्हिप, आणि तो बजावणारा प्रतोद.

बघा काय झालं. पक्षांतर थांबवायला निघालेल्या कायद्यानं मतभेदालाही त्याच पिंजऱ्यात घातलं. लाच घेऊन पलीकडे जाणारा आणि आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं नुकसान होतंय म्हणून स्वपक्षाच्या एखाद्या विधेयकाला विरोध करणारा, या दोघांना एकच शिक्षा. एडमंड बर्क १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना सांगत होता की प्रतिनिधी तुम्हाला आपली बुद्धी देणं लागतो, आणि तुमच्या मतापुढे ती गहाण टाकली तर तो तुमचाच विश्वासघात होईल. (सहा वर्षांनी त्याला त्या मतदारसंघातून माघार घ्यावी लागली, ती गोष्ट वेगळी.) बर्कपुढे दोनच बाजू होत्या, मतदार आणि विवेक. आपल्या कायद्यानं तिसरी आणली, आणि तिच्याच हातात काठी दिली.

काठी कुठवर चालवावी, हा प्रश्न न्यायालयात गेला. किहोतो होलोहान खटल्यात १९९२ साली पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी कायदा वैध ठरवला. पण सोबत असंही सांगितलं की सदस्यत्व घालवणारा आदेश विश्वासमताच्या वेळी, किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाचा आणि कार्यक्रमाचा प्रश्न असेल तेव्हाच असावा. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनंही याच वळणाची शिफारस केली होती. कायद्याच्या शब्दांत मात्र ती मर्यादा आजतागायत उतरलेली नाही.

दुसरं, अपात्र कोण हे ठरवतं कोण? विधानसभेचे अध्यक्ष. ते निवडून येतात बहुमतानं, म्हणजे बहुधा सत्ताधारी पक्षाचेच. पदावर असताना पक्षाचा राजीनामा द्यायची मुभा कायद्यानं त्यांना दिली आहे, पण ती वापरणारा विरळाच. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, दोन्ही बाजूंनी अपात्रतेचे अर्ज आले. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही, असं ठरवलं आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच सोपवला. तो लागला १० जानेवारी २०२४ ला, आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. त्यातलं कोणाचं बरोबर, हा वाद इथे नको. दीड वर्ष गेलं, एवढंच ध्यानात घ्या. पाच वर्षांच्या मुदतीतलं दीड वर्ष. आणि मणिपूरच्या एका प्रकरणात २०२० सालीच न्यायालय म्हणालं होतं की असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली निघावेत.

मग आमदार म्हणजे नुसता वर होणारा हात का? तसंही नाही. दहाव्या परिशिष्टातला पक्षादेश सभागृहातल्या मतदानापुरता आहे. प्रश्न विचारायला मतदान लागत नाही. प्रश्नोत्तराच्या तासात तारांकित प्रश्न आला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न येतात, आणि खात्यानं लिहून दिलेला कागद अपुरा पडतो. लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे, अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना आहे. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांचा अहवाल घेऊन बसते आणि खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारते की हा पैसा कुठे गेला. संकेतानं तिचा प्रमुख विरोधी पक्षाचा असतो.

आणि मंत्री नसलेल्या सदस्याला स्वतःचा ठराव किंवा विधेयक मांडता येतं. हे क्षुल्लक समजू नका. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले या एका सदस्यानं ठराव आणला, की सरकारी खर्चानं बांधलेले किंवा सरकार चालवतं ते पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनं त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र काही बदललं नाही, आणि म्हणून २० मार्च १९२७ उजाडला. ठराव आणि कायदा यांत काय अंतर असतं, आणि कायदा व अंमलबजावणी यांत किती, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला कधी सापडलं नाही. पण तो ठराव नसता तर सत्याग्रहींच्या हातात कागदाचा आधारही नसता. पुढे १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेही सत्तेबाहेर बसून. ते मंजूर झालं नाही. खोती संपवणारा कायदा १९४९ साली झाला.

बोले काय किंवा बाबासाहेब काय, त्यांच्या डोक्यावर सदस्यत्व घालवणारा पक्षादेश नव्हता. आज दिवस कमी, गोंधळ जास्त, आणि अशासकीय कामकाजाचा वेळ सगळ्यात आधी कापला जातो. याला दहावं परिशिष्ट एकटं जबाबदार आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण ज्याचं मत आधीच ठरलेलं आहे त्यानं भाषण कोणाला पटवण्यासाठी करायचं?

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात. एकीवर लिहिलंय, "पक्षादेश काढून टाकला तर घोडेबाजार वाढणार नाही का?" वाढेल, सगळा काढला तर नक्की वाढेल. आम्ही सगळा काढा म्हणत नाही. विश्वासमत आणि अर्थसंकल्प, एवढ्यापुरता ठेवा, बाकी विधेयकांवर मोकळं सोडा. सरकार टिकायला तेवढा पुरेसा आहे. आणि घोडेबाजार आज थांबलाय कुठे? एकटा आमदार गेला तर अपात्र, पण विधिमंडळ पक्षातल्या दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण मान्य केलं तर कायदा त्यांना संरक्षण देतो. किरकोळीला बंदी आणि घाऊकला परवाना, असा हा बाजार आहे.

दुसरी चिठ्ठी राज्यपालांनी विधेयक किती दिवस अडवून ठेवावं याबद्दल आहे. तो विषय मोठा आहे, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.