इटालियन घरात पेइंग गेस्ट

पेरुजा आणि सिएना इथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी नावाजलेली विद्यापीठे आहेत. भाषा शिकायला तिथे जाणारे अनेकजण वसतिगृहाऐवजी एखाद्या कुटुंबात खोली घेतात. भाषा लवकर तोंडात बसते, ती जेवणाच्या टेबलावर.

सकाळी मात्र पोह्यांची आशा ठेवू नये. नाश्ता म्हणजे कॉफी आणि गोड बिस्किटे. दुपारचे जेवण एकच्या सुमारास, रात्रीचे आठच्या आसपास आणि सगळ्यांनी एकत्र. उशीर होणार असेल तर आधी कळवावे. ताट झाकून ठेवण्याची अपेक्षा धरू नये.

शाकाहारी मंडळींनी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. ‘मांस नको’ एवढे पुरत नाही, कारण सूप बरेचदा मांसाच्या पाण्यात शिजते. अस्सल पार्मेझान चीजमध्ये तर वासराच्या जठरातले रेनेट असते आणि ते पास्त्यावर सढळ हाताने किसले जाते. पेस्तो चटणीतही बहुधा तेच.

आणखी एक गंमत विजेची. बऱ्याच घरांची जोडणी ३ किलोवॅटची असते. ओव्हन आणि वॉशिंग मशीन चालू असताना कोणी हेअर ड्रायर लावला की घरभर अंधार! म्हणून आधी विचारावे.

कागदपत्रांत हयगय नको. युरोपीय संघाबाहेरचा पाहुणा आल्यावर घरमालकाने ४८ तासांत पोलिसांकडे लेखी नोंद करायची असते. दीर्घ मुक्कामासाठी आलेल्या विद्यार्थ्याने कामकाजाच्या ८ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. तो टपाल कार्यालयातून जातो.