उत्पादित मोटारसायकलींच्या राष्ट्रीय शर्यती : अल्प बदलांचे तंत्र आणि मर्यादा

रत्नागिरीतील महाविद्यालयांच्या वाहनतळावर उभी असलेली 160 सीसीची मोटारसायकल आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत धावणारी मोटारसायकल ही मुळात एकाच कारखान्यातून आलेली असू शकते. या दोहोंमध्ये नेमका फरक कोणता, आणि वेगाच्या दृष्टीने तो कितपत महत्त्वाचा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या क्रीडाप्रकाराचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. 165 सीसीपर्यंतचा ‘प्रो-स्टॉक’ हा त्यातील एक परिचित वर्ग. बाजारात विकले जाणारे वाहन आणि त्यात नियमांनी मान्य केलेले मोजकेच बदल, हे अशा वर्गांचे तत्त्व होय. आरसे, दिवे व स्टँड काढले जातात. हँडल खाली येते, फूटरेस्ट वर व मागे सरकतात. तेल सांडून मागच्या स्पर्धकांना धोका होऊ नये म्हणून इंजिनाचा ड्रेन बोल्ट तारेने बांधतात.

इंजिनाची शक्ती वाढविली की वेग त्याच प्रमाणात वाढतो, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्तीत 10 टक्के वाढ केल्यास ताशी 120 किलोमीटरचा कमाल वेग जेमतेम 124 पर्यंत जातो! निकाल ठरतो तो प्रामुख्याने वळणांवर.

80 मीटर त्रिज्येचे सपाट वळण ताशी 90 किलोमीटर वेगाने घेताना चालक व वाहन यांना मिळून सुमारे 38 अंश कलावे लागते आणि रस्ता व टायर यांतील घर्षणगुणांक किमान 0.8 असावा लागतो. तो 0.4 झाला, तर वेगमर्यादा सुमारे 64 वर येते. आंबा घाटातील कित्येक वळणे याहून पुष्कळ तीव्र आहेत; पावसाळ्यात त्यांवर तांबडी माती येते, आणि समोरून एस.टी. येते ती वेगळीच.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. कलम 52 अन्वये वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत. गंमत अशी की, 1907 साली आइल ऑफ मॅन बेटावर रस्त्यावरील वाहनांसाठी सुरू झालेल्या प्रसिद्ध ‘टी.टी.’ शर्यतीत सायलेन्सर बसविणे सक्तीचे होते. आपल्याकडे तो काढून टाकणे हेच शर्यतीचे लक्षण मानले जाते.

खरी अडचण मात्र मैदानाची आहे. मोटारसायकली पुणे जिल्ह्यात, चाकणला, मोठ्या संख्येने तयार होतात. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या प्रामुख्याने तामिळनाडूत झाल्या आहेत. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा ट्रॅक रत्नागिरीपासून हजार किलोमीटरहून दूर आहे. घाट तासाभरात गाठता येतो.